बाबांच्या टेंडरवरचं छप्पर

वाळवंटातल्या बेर्शेबाच्या त्या घरात सकाळचा पहिला आवाज वरवंट्याचा असायचा आणि संध्याकाळचा पहिला आवाज पट्ट्याच्या बकलाचा. पाटा-वरवंटा आईने मुंबईहून येताना कपड्यांच्या पेटीत, साड्यांच्या घड्यांत लपवून आणला होता. बाबा तेव्हा म्हणाले होते, दगड घेऊन परदेशात जाणारी बाई मी पहिल्यांदा पाहतोय. आईने उत्तर दिलं नाही. उत्तर दिलं की काय मिळतं ते तिला लग्नाच्या पहिल्या महिन्यातच समजलं होतं. बकल पितळी होतं, गोदीतल्या जुन्या नोकरीतलं, आणि बाबा खुर्चीवरून उठून पट्टा सोडू लागले की ते एकदा खुर्चीच्या दांड्यावर आपटायचं. तेवढ्यावर आई भाताखालचा गॅस बंद करायची. भात करपू नये म्हणून. नंतर जे व्हायचं त्यात भाताकडे लक्ष द्यायला सवड नसायची.

माझा नातू मला विचारतो, सव्ता, म्हणजे आजी, तुझ्या डाव्या हाताचं बोट अर्धं का? मराठीत विचारलं तर सांगेन म्हणते. तो हिब्रूतच विचारतो, तेव्हा मी त्याला केळं देते आणि विषय संपतो. पण कधीतरी कोणाला तरी सांगायला पाहिजे, म्हणून लिहायला बसले आहे. आणि एक आधीच सांगून ठेवते. मी इथे बाबांना अहो-जाहो करणार, ते जिभेला लागलेल्या वळणामुळे. त्यात आदर किती ते वाचणाऱ्याने ठरवावं.

बाबा, सॅमसन त्यांचं नाव, माझगावच्या गोदीत फिटर होते. हात असा की लोखंड त्यांचं ऐकायचं. इथे आल्यावर त्यांना गावाबाहेरच्या कारखान्यात पोती उचलायला लावलं. भाषा येत नाही तर फिटर कसला, असं कोणीतरी टेबलामागून ठरवून टाकलं. पुढे भाषा आली, फिटरची जागा काही आली नाही. आमची माणसं, कोकणातून आलेले ज्यू, मला म्हणायची, बाय, त्याच्या मनाला लागलंय, म्हणून हात उठतो. मी म्हणायची, त्या टेबलामागच्या माणसावर का नाही उठत? लागलेलं सगळ्यांनाच असतं. आईसुद्धा अलिबागजवळची वाडी, नारळ आणि विहीर सोडून या धुळीत आली होती, तिने कोणाचे दात पाडले? शिवाय बाबा मुंबईतही मारत होतेच. तिथे शेजारपाजारच्या गलक्यात ते ऐकू येत नव्हतं, एवढाच फरक.

मी एकुलती एक. मुलगा नाही म्हणून बाबांनी फिटरकी मला शिकवली. आटे कसे पाडायचे, कानस कशी धरायची, वेल्डिंग करताना हात कसा चालवायचा, सगळं शिकवलं, आणि प्रत्येक चुकीला एक कानफटात. सांधा कच्चा राहिला की ते हातोडा घेऊन माझ्यासमोर तो तोडायचे आणि मग मला मारायचे. त्या मारातून मी निघाले ती गावातल्या एका वर्कशॉपमध्ये खिडक्यांचे गज जोडणारी एकमेव पोरगी म्हणून. सैन्यातून, इथे मुलींनाही सक्तीने जावं लागतं, सुटून आले होते, बावीसच्या आसपासची असेन. लग्नाची बोलणी यायची आणि बाबांचं नाव ऐकून परत जायची. मला त्याचं काही वाटत नव्हतं. मी गेले असते तर आईजवळ कोण राहिलं असतं?

आमचं घर तळमजल्यावर होतं. इमारत खांबांवर उभी, पुढचा भाग नुसते खांब आणि वर पहिल्या मजल्याची काँक्रीटची लादी. त्या लादीखालून चार पावलं आत गेलं की समोर आमचं दार. या लादीखालच्या सावलीत बाबा आपला टेंडर लावायचे. इथे मागे उघडा हौदा असलेल्या लहान ट्रकला टेंडर म्हणतात. एका शेतकऱ्याने मोडीत काढलेला बाबांनी उचलून आणला आणि इंजिन खोलून, धुऊन, परत बसवून चालता केला होता. त्या टेंडरला त्यांनी कधी शिवी दिली नाही. शुक्रवारी दुपारी ते तो धुवायचे, काच आईच्या जुन्या साडीने पुसायचे, आणि मग घरात येऊन आईला बडवायचे.

तोही शुक्रवारच. आईने माशाचं कालवण केलं होतं. इथे तेव्हा कार्प मिळायचा, तळ्यातला, चिखलाचा वास मारणारा. आई त्याला मीठ-हळद लावून, चिंचेत बुडवून, सुक्या खोबऱ्याच्या किसाचं दूध काढून कितीही कसरत करो, पापलेटची चव कुठून येणार? बाबांनी पहिला घास घेतला आणि थुंकला. म्हणाले, "हा मासा आहे की गटार?" आई म्हणाली, "उद्या समुद्र आणते हां बेर्शेबात." आयुष्यात तिने केलेला तो पहिला विनोद असावा. मला हसू फुटलं, आणि त्या हसण्याने बाबांचं डोकं फिरलं. त्यांनी कालवणाचं पातेलं उचलून भिंतीवर फेकलं आणि पळीने, जड पितळी पळीने, आईच्या डाव्या कानावर मारलं. आई बसली. ते परत मारायला वाकले. पट्टा सोडायला वेळ लागला असता, म्हणून पळीच.

मी ओट्याखालचा वरवंटा घेतला आणि त्यांच्या उजव्या खांद्यावर घातला. किती जोराने मारावं याचा विचार केला नाही. हाड मोडल्याचा आवाज आला, ओलं लाकूड मोडतं तसा. बाबा भिंतीला टेकले, पिवळ्या कालवणात घसरून बसले आणि माझ्याकडे बघत राहिले. मी म्हटलं, "आता उठलात तर डोक्यात घालीन." वरच्या मजल्यावरची मोरोक्कन सुझान तेवढ्यात दार ढकलून आत आली, हातात लाटणं घेऊन. आधी तिने बाबांकडे पाहिलं, मग वरवंट्याकडे, आणि लाटणं खाली केलं. दवाखान्यात बाबांनी सांगितलं, शिडीवरून पडलो. आईने सांगितलं, मीही. डॉक्टरने दोघांकडे पाहिलं आणि काही लिहून घेतलं नाही. आईला त्या कानाने पुन्हा कधी ऐकू आलं नाही.

मला याचा पश्चात्ताप आहे का? नाही. तेव्हा नव्हता, आता नाही.

दवाखान्यातून परत आल्यावर आईने दारात उभं राहून बाबांना सांगितलं, "हा उंबरा तुम्ही आजपासून ओलांडायचा नाही. जेवण मी बाहेर देईन, कपडे धुईन. आत यायचं नाही." बाबा हसले. हात झोळीत होता, तरी हसले. "मग मी कुठे राहू? रस्त्यावर?" आई म्हणाली, "रस्त्यावर का? तुमची लाडकी आहे ना ती गाडी. तिच्यात झोपा." दाराला आतून लोखंडी आडणा मी दुसऱ्याच दिवशी वर्कशॉपमधून आणून बसवला. उन्हाळ्याचे दिवस होते. बाबा टेंडरच्या हौद्यात गादी टाकून झोपू लागले आणि शेजाऱ्यांना सांगू लागले की आत उकडतं.

आमच्या लोकांत गोष्ट लपत नाही. आईचा मोठा भाऊ, दाविदमामा, मशिदीचा मुकादम होता. आमची जुनी माणसं सिनेगॉगला, आमच्या प्रार्थनाघराला, मशीदच म्हणतात, कोकणातली सवय. मामा पांढरी टोपी सावरत आला, चहा प्यायला आणि म्हणाला, "बाय, नवरा-बायकोत होतं. त्याचा खांदा मोडला, तुझा कान गेला, फिटंफाट झाली. आता घे आत." आई म्हणाली, "दादा, पुढच्या वेळी डोकं फुटेल. माझं, नाहीतर माझ्या हातून त्याचं. मग कोणाची फिटंफाट करशील?" मामाने टोपी पुन्हा सावरली. मग त्याला बाबांनी शिकवून पाठवलेला मुद्दा आठवला. "आणि पाऊस आला की? थंडी आली की? माणूस उघड्यावर मरेल. मग तुला आत घ्यावंच लागेल, लोकच सांगतील."  आईने माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्याचा अर्थ मला लगेच लागला. पावसाच्या आत बाबांच्या डोक्यावर छप्पर पाहिजे, नाहीतर ते आमच्या छपराखाली येतील, आणि मग एक ना एक दिवस कोणीतरी मरेल.

छप्पर मला हेब्रोनच्या रस्त्यावरच्या भंगारवाड्यात मिळालं. परदेशी लोकांची राहायची गाडी, दक्षिणेतल्या समुद्रकाठच्या एलातहून येताना उतारावरून कोरड्या नदीत कोसळली होती. गाडीचा चोथा झाला होता, पण वरचं छप्पर शाबूत. हे छप्पर उचलून वर करता येतं. फायबरचं मोठं झाकण, खाली चारही बाजूंना निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं जाड कापड, झाकण वर केलं की कापडाच्या भिंती ताणल्या जातात आणि आत माणूस उभा राहू शकतो. खाली केलं की सगळं घडी होऊन चपटं. एका कोपऱ्यात झाकणाला तडा गेला होता आणि कापडावर तपकिरी डाग होते. मी भंगारवाल्याला विचारलं, "हे काय?" तो म्हणाला, "कॉफी." मग माझं तोंड बघून म्हणाला, "बरं, कॉफी नाही." काही दिवस त्याचं फाटक वेल्ड करून दिलं, त्या बदल्यात त्याने ते माझ्या दारात आणून टाकलं.

आईने ते कापड मिठाच्या पाण्यात, मग साबणात, मग लिंबात धुतलं. डाग फिके झाले, गेले नाहीत. ती म्हणाली, "ज्याचं कोणाचं होतं त्याला शांती मिळो," आणि दोरीवर टाकलं.

कामाला सुरुवात मी एकटीने केली. छप्पर टेंडरपेक्षा रुंद होतं, म्हणून हौद्याच्या कडेवर लोखंडी अँगलची चौकट उभी करायची आणि तिच्यावर छप्पर बसवायचं, असा बेत. बाबा झोळीतला हात घेऊन समोर उलट्या बादलीवर बसून बघत होते. हे छप्पर त्यांना घराबाहेर ठेवण्यासाठी आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पहिल्या दिवशी ते नुसते शिव्या देत बसले, मला, आईला, आईच्या गावाला. दुसऱ्या दिवशी मी कोपऱ्याचा सांधा जोडला आणि त्यांना राहवेना. उठून आले, डाव्या हाताने हातोडा घेतला आणि एका घावात सांधा तोडला. "हे काय आहे? थुंकी लावून चिकटवलंस? वारा आला तर उडून जाईल." मी म्हटलं, "उडू दे. तुम्ही आत असाल." त्यांनी हातोडा फेकून मारला. माझ्या पोटरीला लागला. मी तो उचलला, परत त्यांच्याकडे फेकला, तो टेंडरच्या दारावर आदळला आणि पोचा पडला. मला मारलं तेव्हा त्यांना काही वाटलं नव्हतं, पण त्या पोच्याकडे बघून डोळ्यांत पाणी आलं.

मग आम्ही दोघांनी मिळून ते छप्पर बसवलं. लोकांना हे खरं वाटत नाही. पण कच्चं काम बघणं हे बाबांना मार खाण्यापेक्षा जड होतं. ते सांगायचे, मी करायची. तड्यामुळे झाकणाला आतून चारही बाजूंनी त्यांनी माझ्याकडून लोखंडी कडं बसवून घेतलं, पुलाला बसवतात तसं भक्कम. "हलकं पुरेल की," मी म्हटलं. "तू पूल बांधलायस? मी बोटी जोडल्यात. गप्प बस आणि जोड." दोन माणसांचं वजन पेललं पाहिजे म्हणाले. झाकण वर उचलायला मूळच्या दोन स्प्रिंगा होत्या, बिजागऱ्यांत कात्रीसारख्या अडकवलेल्या. त्यातली एक मी ताणून अडकवत होते तेव्हा सुटली. कात्री मिटली. डाव्या हाताच्या बोटाचा शेंडा चिरडून लोंबत राहिला.

 बाबांनी माझा हात नळाखाली धरला, आपली झोळी दातांनी ओढून काढली, फाडली, एका हाताने आणि दातांनी बोट करकचून बांधलं. मोडक्या खांद्यातून त्यांना कळा येत होत्या, घामाने चेहरा निथळत होता. बांधून झालं आणि त्याच हाताने त्यांनी माझ्या कानफटात दिली. "स्प्रिंग सोडताना तोंड बाजूला, हात बाजूला. किती वेळा सांगितलं?" आई दारातून बघत होती. ती आतून वरवंटा घेऊन आली. म्हणाली, "सॅमसन, मागे हो." आयुष्यात पहिल्यांदा तिने त्यांना नावाने आणि एकेरीत हाक मारली. बाबा मागे झाले.

बोट परत चिकटलं नाही. त्या स्प्रिंगा बाबांनी स्वतः तोडून भंगारात फेकल्या. त्यांच्या जागी चार जाड नळ्या, प्रत्येकीत आरपार खीळ. झाकण हाताने वर करायचं, नळ्या उभ्या करायच्या, खिळी मारायच्या. खिळी मारल्या की झाकण कोणाच्या बापाला खाली येत नाही. आणि एक गोष्ट त्यांनी मला बजावून सांगितली, "झाकण खाली केल्याशिवाय गाडी लादीखाली घ्यायची नाही. वर असलं तर कड लादीला लागेल." खरंच, मिटलेलं छप्पर लादीखालून जेमतेम जात होतं, उघडलेलं शक्यच नव्हतं. म्हणून तेव्हापासून टेंडर बाहेर, इमारतीसमोरच्या उतारावर उभा राहू लागला.

छप्पर पुरं झालं तेव्हा सगळी आळी बघायला आली. सुझान आत जाऊन गादीवर बसली आणि म्हणाली, माझ्या नवऱ्यालाही एक बनव. दाविदमामाने आत डोकं घालून पाहिलं, कापड चाचपलं आणि आईला म्हणाला, "आता पावसाचं कारण राहिलं नाही." तो हे नाराजीने म्हणाला. आई त्या दिवशी गाणं गुणगुणत भाकऱ्या थापत होती. खोबऱ्याचं दूध घालून तिने गव्हाच्या चिकाचा हलवा केला, त्याच्या वड्या पाडल्या आणि पहिली ताटली टेंडरकडे पाठवली. हे मला तेव्हा आवडलं नाही. ताटली रिकामी परत आली, पण फुटलेली.

मग दारफळणीचा सण आला. योम किप्पूरला, प्रायश्चित्ताच्या उपासाला, आमच्या कोकणातल्या लोकांत हे नाव आहे. त्या दिवशी दारं बंद करायची. संध्याकाळी अंघोळी करून पांढरे कपडे घालायचे, आधी एकमेकांची माफी मागायची, हातबोशी घ्यायची, मग दार लावायचं ते दुसऱ्या दिवशी रोजा सुटल्यावर उघडायचं. त्यानंतर बाहेरच्या कोणाला शिवायचंसुद्धा नाही. जुनी माणसं म्हणत, त्या दिवशी घरातली गेलेली माणसं भेटायला येतात. इथे बाकीचे सगळे सिनेगॉगला जातात, पण आई जुन्या रीतीने दार लावून घरातच बसायची. हातबोशी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. एकाने दोन्ही हात पुढे करायचे, दुसऱ्याने ते आपल्या तळव्यांत घ्यायचे, सोडायचे, आणि दोघांनी आपापली बोटं ओठांना लावायची. म्हणजे मनात काही राहिलं नाही.

दाविदमामा दुपारी आला आणि मानगुटीवरच बसला. "घरचा माणूस दाराबाहेर ठेवून दारफळणी? असं कधी कोणी ऐकलंय? एक दिवस, बाय. तो माफी मागेल." आईने पांढरं पातळ खुंटीवर टाकलं. मग म्हणाली, "माफी मागू दे. दारात. बोशी देईन. आत घ्यायचं की नाही ते त्याचे हात बघून ठरवीन."

सूर्य कलला. रस्त्यावरच्या गाड्या थांबल्या, रेडिओ थांबले, त्या दिवशी अख्खं गाव मुकं होतं. पांढऱ्या कपड्यांतली माणसं चालत सिनेगॉगकडे निघाली होती. बाबा आले. दाढी केलेली, पांढरा सदरा, केस ओले. मला कबूल करायला हवं, देखणे दिसत होते. मामा मागे उभा. बाबांनी दोन्ही हात पुढे केले आणि म्हणाले, "माझं चुकलं असेल तर माफ कर."

आईने हात उचलले. उचललेच होते. पण तिची नजर हातांवर नव्हती, खाली होती. मीही खाली पाहिलं. बाबांचा उजवा पाय उंबऱ्याच्या आत होता, दाराला अडकवलेला. माफीचे शब्द संपायच्या आधीच त्यांनी पाय आत टाकला होता. आईने हात मागे घेतले. "पाय काढा," ती म्हणाली.

"हे घर माझ्या नावावर आहे," बाबा म्हणाले. आवाज जुनाच होता, पट्ट्याचा. "पुरे झालं तुझं नाटक. सरक."

आईने दोन्ही हातांनी दार लोटलं, अंगाचा सगळा भार घालून, त्या पायावर. बाबा किंचाळले. तिने दार किंचित उघडलं आणि परत आपटलं. पाय निघाला. मी आडणा टाकला. बाहेर ते दारावर लाथा मारत होते, मामा त्यांना आवरत होता, मग मामाच्या कळवळण्याचा आवाज आला. नंतर कळलं, बाबांनी त्याला ढकललं आणि तो खांबावर आपटून त्याचं कपाळ फुटलं. मग लंगडत जाणारी पावलं ऐकू आली. मग इंजिन.

त्या शांततेत इंजिनचा आवाज कसा वाटला ते मला सांगता येत नाही. दारफळणीला कोणी गाडी चालवत नाही, देव न मानणाराही चालवत नाही. मी खिडकीच्या फटीतून पाहिलं. टेंडर उतारावर वर मागे जात होता, लांब पळ घ्यायला. त्याचं नाक आमच्या दाराकडे होतं. मी आईला ओढलं. "चल मागे, मोरीत चल, बाबा दार फोडणार आहेत." आई दाराला पाठ लावून उभी राहिली. "मी दार सोडणार नाही." मी तिचे केस ओढले, खरंच केस धरून ओढलं, ती हलली नाही. ऐकू येणारा कान तिने दाराकडे केला होता. पांढरं पातळ, ओले केस, पाय फरशीत रोवलेले. मी परत फटीतून पाहिलं. बाबांनी क्लच सोडला. टेंडर उतारावरून सुटला, आणि तेव्हाच मला दिसलं की निळं-पांढरं कापड ताणलेलं आहे. दुपारी गादीला वारा लागावा म्हणून त्यांनी झाकण वर केलं होतं. चारही नळ्या उभ्या होत्या. खिळी मारलेल्या होत्या.

मग लादी आणि लोखंड एकमेकांवर आदळलं. घर हललं. भिंतीवरचं पलस्तर आमच्या अंगावर पडलं, कपाटातली भांडी खाली आली, वर सुझानच्या घरात कोणीतरी किंचाळलं. त्यानंतर फक्त इंजिनातल्या पाण्याची वाफ फिसफिसत होती.

"थांबली का गाडी?" आईने विचारलं.

"थांबली."

फायबरचा चुरा झाला होता. पण आतलं लोखंडी कडं लादीच्या कडेला अडकलं होतं, नळ्या वाकल्या होत्या, चौकट तिरकी झाली होती, आणि एकही सांधा सुटला नव्हता. टेंडरची पुढची चाकं जमिनीवरून उचलली गेली होती. नाक आमच्या दारापासून हातभर लांब. रस्त्यावरची पांढऱ्या कपड्यांतली माणसं धावत आली, बाबांना बाहेर ओढलं. पुढचे दात गेले होते, हनुवटीवरून रक्त सदऱ्यावर वाहत होतं. एकाने त्यांना पकडून ठेवलं, दुसऱ्याने दोन ठेवून दिल्या, कोणी अडवलं नाही. बाबांनी मान वर करून चौकटीकडे पाहिलं. कोपऱ्याच्या सांध्याकडे, जो त्यांनी हातोड्याने तोडून माझ्याकडून परत जोडून घेतला होता. मग खिडकीच्या फटीत मी दिसले तशी रक्ताने भरलेल्या तोंडाने म्हणाले, "जोड धरला."

मला त्या क्षणी बरं वाटलं. हेही लिहून ठेवते. ज्या माणसाने माझ्या आईला चिरडायला गाडी घातली, त्याने माझं काम चांगलं म्हटलं आणि मला बरं वाटलं. त्याचा मला आजही संताप येतो.

पुढचं थोडक्यात. पोलिसांकडून सुटल्यावर ते लोदला आपल्या भावाकडे गेले, रेल्वेच्या यार्डात कामाला लागले, तिथेच काही वर्षांनी वारले. आमच्या घरात परत आले नाहीत. मोडकं कडं गॅसने कापून काढायला माणूस आला तो म्हणाला, हे जोडलंय कोणी, कापता कापत नाही. तडकलेल्या झाकणाचा मोठा तुकडा उरला होता, त्यावर आई पुढे कितीतरी उन्हाळे पापड वाळवत होती.

पण त्या संध्याकाळी हे काहीच माहीत नव्हतं. बाहेर माणसांचा गलका होता, मामा कपाळाला रुमाल लावून बाहेरूनच विचारत होता, बाय, ठीक आहेस ना, दार उघड. आई म्हणाली, "दादा, दारफळणी लागली. आता उद्या." मग ती वळली. दाराला तिने दोन्ही तळवे लावले, सपाट, आडण्याच्या वर आणि खाली, जरा वेळ तसेच ठेवले. मग काढले आणि बोटं ओठांना लावली.

"बोशी कोणाला दिलीस?" मी विचारलं. मला वाटलं ती बाबांचं नाव घेईल, आणि घेतलं असतं तर मी तिला कधी माफ केलं नसतं.

"दाराला," ती म्हणाली.

अंगावरचं, जमिनीवरचं पलस्तर आम्ही तसंच राहू दिलं. त्या दिवशी झाडू मारायचा नसतो.